फेसाची नळी आणि यंत्राची धार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत भुसार, तेलबिया, करपद्धती इत्यादी विषयांवर जाणकार सभासदांचे लेख दरवर्षी येत असतात. यंदा चिटणिसांनी प्रस्तुत लेखकासही काही लिहिण्याची आज्ञा केली. धान्याच्या भावांविषयी लिहावे, तर स्मरणिका छापून हाती येईतो ते शिळे झालेले असतात. यास्तव ज्या एका गोष्टीने गेले वर्ष आमच्या घरात मोठी डोकेदुखी उत्पन्न केली आणि जी अखेरीस एकशे साठ रुपयांच्या पितळी तुकड्याने सुटली, तिची हकीकत व तीतून हाती आलेला हिशेब सभासदांपुढे ठेवीत आहे. विषय मोटारी धुण्याच्या यंत्राचा आहे. हा आपला विषय नव्हे असे काहींस वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी मोटार आहे, पेढीवर मालवाहू टेंपो आहेत, आणि अनेकांची मुले वडिलोपार्जित गादीवर बसण्याऐवजी असेच काही नवे व्यवसाय काढीत आहेत.

आमची पेढी लष्करातील दालबाजारात. माझ्या पुतण्याने मात्र सिटी सेंटर भागात मोटारधुलाईचे दुकान काढले. त्या भागात दफ्तरे, बँका, दवाखाने व हॉटेले असल्यामुळे दिवसभर गाड्या उभ्या असतात. मालक काम उरकून येईतो गाडी धुऊन द्यावी, ही कल्पना वाईट नव्हती. भांडवलापैकी निम्मी रक्कम मी दिली होती, आणि ती परत येणार की नाही याची काळजी मला असणे स्वाभाविकच होते. दुकानात त्याने पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र घेतले, ज्यास बाजारात प्रेशर वॉशर म्हणतात. आणि त्यास जोडावयाची फेस उडविणारी बाटली घेतली, जिला फोम गन म्हणतात. जाहिरातीतील चित्रात गाडीवर दाट साय पसरावी तसा फेस दाखविला होता. प्रत्यक्षात निघाले ते तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी. ते क्षणभरही गाडीवर न थांबता खाली ओघळून जाई. मुलांना मग फडके हाती घेऊन घासावे लागे, आणि घासताना पत्र्यावरची धूळ रंगावर ओरखडे काढी. अशा ओरखड्यांवरून दोन गिऱ्हाइके कायमची तुटली.

पुतण्याने प्रथम दोष साबणास दिला व तीन प्रकारचे साबण आणले. नंतर दोष पाण्यास दिला. पुढे विक्रेत्याने सांगितले की यंत्रच लहान आहे, मोठे घ्या. आणि चाळीस हजारांच्या यंत्राचा कागद त्याने माझ्यापुढे आणून ठेवला. "काका, एवढे घेतले की काम फत्ते," असे तो म्हणाला. मी त्यास म्हटले, "पोत्याचे तोंड न पाहता तागडी मोठी करून उपयोग काय? आधी आहे तेच मोजू." येथपासून आमचा अभ्यास सुरू झाला.

आरंभी मीही एक चूक केली, ती सांगणे अवश्य आहे, कारण तीतच सगळ्या विषयाची किल्ली आहे. धान्याच्या कोठीखाली जे तोंड असते, त्यातून किती धान्य पडावयाचे ते तोंडाचा आकार ठरवितो. कोठी भरलेली असो वा अर्धी, गहू त्याच गतीने पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मला वाटले, यंत्राचेही तसेच असणार; छिद्र मोठे केले की पाणी जास्त, आणि पाणी जास्त की फेस जास्त. परंतु या यंत्राची रीत उलटी आहे. त्याच्या पोटात बहुधा तीन दट्टे असतात. मोटारीच्या आसावर बसविलेली तिरकी चकती त्यांना आळीपाळीने ढकलते, आणि प्रत्येक फेऱ्यास ठरावीक पाणी पुढे लोटले जाते. समोर छिद्र लहान असो वा मोठे, दर मिनिटास जाणारे पाणी जवळजवळ तेवढेच. बदलतो तो दाब. म्हणजे कोठीत तोंड प्रवाह ठरविते. यंत्रात प्रवाह पंप ठरवितो आणि तोंड केवळ दाब ठरविते.

आता फोम गनचे अंतरंग पाहू. तिच्या मागील बाजूस, जेथे ती यंत्राच्या बंदुकीस जोडतात तेथे, एक सुईच्या नेढ्याएवढे छिद्र असलेला आट्यांचा पितळी तुकडा असतो. यास नोझल अथवा जेट म्हणतात. यातून पाणी अतिवेगाने सुटते. अरुंद जागेतून वेगाने वाहणाऱ्या द्रवाचा आजूबाजूस पडणारा दाब कमी होतो, हे इटलीचे पदार्थवैज्ञानिक जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखविले होते. त्यांचेच नाव अशा नळीस लाभले आहे. दाब उतरला की तेथे शोषण उत्पन्न होते. त्या शोषणाने खालच्या बाटलीतील साबणाचे पाणी नळीवाटे वर चढते, आणि अंगावरच्या एका बारीक भोकातून बाहेरची हवाही आत ओढली जाते. पाणी, साबण व हवा यांचे हे मिश्रण पुढे तारेच्या दाट जाळीतून घुसते व तेथे त्याचे बारीक बुडबुडे बनतात. धारेस वेग कमी असेल तर हवा कमी ओढली जाते, जाळीतून मिश्रण रेंगाळत जाते, आणि फेसाऐवजी धुवण मिळते. आमचे दुखणे नेमके हेच होते.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की आमच्या यंत्राचा प्रवाह किती आणि त्यास छिद्र किती हवे. यंत्राच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कमाल दाब १२० बार व कमाल प्रवाह मिनिटास ६.५ लिटर असे लिहिले होते. त्याखाली बारीक अक्षरांत ९० बार व ५.५ लिटर हे आकडे होते. ग्राहकाने पाहावयाचे ते हे बारीक अक्षर. कमाल दाब आणि कमाल प्रवाह ही जोडी एकाच वेळी कधीच मिळत नाही. एक मिळतो तोंड आवळले असता, दुसरा मिळतो ते मोकळे सोडले असता. कित्येक जाहिराती तर बारऐवजी दर चौरस इंचास पौंडांत आकडा देतात, म्हणजे तो साडेचौदा पटींनी मोठा दिसतो. १२० बारचे १७४० पौंड झाले की वाचणाऱ्याची छाती दडपते, एवढाच त्याचा फायदा.

पण पट्टीवरचा आकडा हा कारखान्यातला. आपल्या दुकानात नळ वेगळा, वीज वेगळी. म्हणून आम्ही मोजमाप केले. एका पिंपात २५ लिटर पाणी मापून घेतले, पिंप उंच ओट्यावर ठेवले, यंत्राची पाणी घेणारी नळी त्यात सोडली, नळी पाण्याने भरून हवा काढून टाकली, आणि नेहमीची फवारनळी लावून घोडा दाबून धरला. पिंपात ५ लिटर उरले तेव्हा थांबविले. २० लिटर जावयास बरोबर चार मिनिटे लागली. म्हणजे मिनिटास ५ लिटर. पट्टीवरील बारीक आकड्याहूनही अर्धा लिटर कमी. पिंप पूर्ण रिकामे होऊ देऊ नये, कारण कोरडा चालला तर पंपाचे वायसर जळतात. या मोजणीस पैसा लागत नाही, घड्याळ व माप एवढेच लागते, आणि आपल्या लोकांस मापाची सवय निराळी सांगावयास नको.

छिद्राचा आकार कित्येकदा पितळी तुकड्यावर कोरलेला असतो. आमच्या तुकड्यावर काही नव्हते. तेव्हा लोहाराकडून नवी बारीक ड्रिल आणून त्यांचे गुळगुळीत दांडे छिद्रात घालून पाहिले. १.२ मिलिमीटरचा दांडा सहज गेला, १.३ चा गेला नाही. म्हणजे छिद्र सव्वा मिलिमीटरचे होते. बाजारात अशा फोम गन बहुधा सव्वा मिलिमीटरचे छिद्र घेऊनच येतात, आणि ते मोठ्या यंत्रांस अनुलक्षून असते. लहान यंत्र घेणाऱ्यास हे कोणी सांगत नाही.

आता हिशेब. मॅट्रिकच्या पलीकडे माझे शिक्षण नाही, तथापि हा हिशेब तेवढ्यात बसतो. एकच आकडा ध्यानात ठेवावा: १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून १०० बार दाबाने मिनिटास अदमासे ६ लिटर पाणी जाते. दुसऱ्या छिद्रासाठी ६ ला व्यासाच्या वर्गाने गुणावे. १.१ मिलिमीटरचा वर्ग १.२१, म्हणून सव्वासात लिटर, १.२५ चा वर्ग १.५६, म्हणून ९.४ लिटर, १.५ चा वर्ग २.२५, म्हणून साडेतेरा लिटर. यानंतर आपल्या यंत्राचा प्रवाह या आकड्याने भागावा, आलेल्या भागाकाराचा वर्ग करावा, आणि १०० ने गुणावे. उत्तर येते ते त्या छिद्रामागे उभा राहणारा दाब, बारमध्ये.

आमच्या ५ लिटरांस ९.४ ने भागले तर ०.५३ येतात, त्याचा वर्ग ०.२८. म्हणजे १२० बारचे म्हणून घेतलेले यंत्र फोम गन लावताच केवळ २८ बारांवर येत होते! साबण बिचारा काय करील? हेच छिद्र १.१ चे असते तर ४७ बार मिळाले असते, आणि १ मिलिमीटरचे असते तर ६९. छिद्राचा व्यास सव्वापट झाला की दाब सुमारे अडीच पटींनी उतरतो, हे यातून दिसते. एक चतुर्थांश मिलिमीटरचा फरक डोळ्यास दिसतही नाही. पण त्यावर दुकान चालावे की बंद पडावे हे ठरत होते.

मग छिद्र आणखी बारीक का करू नये, असे पुतण्याने विचारले. प्रश्न योग्यच होता. ०.९ मिलिमीटरचा हिशेब केला तर १०६ बार येतात. आमच्या यंत्राचा नेहमीच्या कामाचा दाब ९० बार. त्याच्या पलीकडे गेले की यंत्रातील सुरक्षेची झडप उघडून पाणी आतल्या आत फिरवू लागते किंवा यंत्र बंदचालू होत राहते. पंप तापतो व आयुष्य घटते. शिवाय इतके बारीक छिद्र रेतीच्या एका कणाने बुजते. म्हणून १ मिलिमीटर हेच आमच्या यंत्राचे तोंड ठरले. प्रथम दिल्लीच्या एका दुकानदाराकडून १.१ चा तुकडा मिळाला. त्यानेच फेसाची कळा पालटली. पुढे १ मिलिमीटरचा मिळाला, त्यावर मी वर सांगितलेले एकशे साठ रुपये पडले. तो बसविल्यावर पहिल्या दिवशी जो फेस निघाला तो पाहून दुकानातील मुले टाळ्या पिटू लागली. दाराच्या पत्र्यावर तो चार मिनिटे टिकला व मग मातीसह सावकाश खाली उतरला. चाळीस हजारांचा कागद मी घडी करून वहीत ठेवला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वाचकांची फसगत होईल. तोंड जुळविले म्हणून लहान यंत्र मोठे होत नाही. दाट फेस मिळेल, पण मिनिटास ५ लिटरांतून मिळेल तेवढाच. मोठी गाडी झाकावयास वेळ अधिक लागणार. वरील आकडेही अदमासाचे आहेत. छिद्राची कड गोल आहे की धारदार, नळी किती लांब व किती अरुंद, यांनी थोडाबहुत फरक पडतो.

उलट बाजूचे उदाहरणही पाहावयास मिळाले. ट्रान्सपोर्ट नगरात आमच्या एका स्नेह्यांकडे ट्रक धुण्याचे तीन फेजचे यंत्र आहे; ते मिनिटास १५ लिटर पाणी १५० बार दाबाने देते. आमची ख्याती ऐकून त्यांनी आमचीच फोम गन नेली आणि लावली. यंत्र धडधडू लागले, धार तुटक येऊ लागली, त्यांना वाटले यंत्र बिघडले. हिशेब केला तर १ मिलिमीटरच्या तोंडातून १५ लिटर जाण्यास ६०० बारांहून अधिक दाब हवा! सव्वा मिलिमीटरनेही २५६ बार होतात. त्यांस दीड मिलिमीटरचे तोंड सांगितले, तेव्हा १२३ बारांवर यंत्र शांत चालू लागले. ज्याचे यंत्र मिनिटास ९ लिटर देते, त्यास मात्र बाजारातील सव्वा मिलिमीटरची गन जशीच्या तशी चालते. दाब ९२ बार राहतो. ज्यांना अशा गनने उत्तम फेस मिळतो ते बहुधा या वर्गातले असतात, आणि ते आपला साबण इतरांस सुचवितात.

हा जोडीचा प्रश्न केवळ मोटारधुलाईचा नाही. तेलाची आग विझविण्यासाठी अग्निशामक दले फेस वापरतात; तेथे फेसद्रव ओढणारे साधन व फेस फेकणारी नळी यांवर मिनिटास किती लिटर ते नोंदलेले असते, आणि २२५ लिटरचे साधन ४५० लिटरच्या नळीस जोडीत नाहीत. जोडले तर प्रमाण बिघडून फेस बनत नाही.

आता पाण्याविषयी. ग्वाल्हेर शहरास पाणी मुख्यत्वे तिघऱ्याच्या धरणाचे. सांक नदीवरील हे धरण १९१६ साली बांधले गेले, त्यावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसविले होते, आणि पायाच्या खडकात पाणी शिरून ते दुसऱ्याच वर्षी फुटले. नंतर पुन्हा बांधण्यात आले. पाण्याने खडक हलतो तेथे आपल्या रबरी वायसरांची काय कथा! नळाचे पाणी ठरावीक वेळी येत असल्याने दुकानात टाकी लागते, आणि टाकी जमिनीवर असेल तर यंत्रास पाणी ओढण्याचे कष्ट पडतात. आमची मोजणी ५ वर का आली याचे निम्मे कारण अरुंद नळी हेच होते. पाऊण इंची नळी व गच्चीवरील टाकी जोडल्यावर प्रवाह ५.३ झाला, दाबही तेवढ्या मानाने चढला. उन्हाळ्याच्या दुपारी वीजदाब उतरतो तेव्हा मोटार मंदावते आणि फेस पुन्हा सैल पडतो, हेही लक्षात आले आहे. त्या वेळी साबण वाढवून काही साधत नाही.

टाकीत कूपनलिकेचे पाणी घालावे लागले की साबणाचा फेस कमी होतो, कारण जड पाण्यातील क्षार साध्या साबणाशी मिळून चिकट साका बनवितात. गाड्यांसाठी तयार केलेले धुण्याचे द्रव जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतात. माझ्या पत्नीच्या सूचनेवरून आम्ही रिठ्याचा काढाही घालून पाहिला. बादलीत त्याचा फेस सुरेख येतो, परंतु गनमध्ये घातल्यावर त्यातील चोथ्याने तासाभरात जाळी तुंबली. जाळी तुंबली की पुढून उलटा दाब बसतो, शोषण थांबते, आणि बाटलीतील द्रव वर चढण्याऐवजी उलट बाटलीतच पाणी शिरू लागते. तेव्हापासून बाटलीत जाणारे प्रत्येक द्रव दुहेरी सुती फडक्यातून गाळले जाते. पाणी गाळून घेण्याची आपल्या घराघरांतील रीत यंत्राच्याही हिताची निघाली. यंत्राच्या तोंडाशी असलेली लहान जाळी काढून टाकण्याचा सल्ला काही मेस्त्री देतात, तो ऐकू नये.

साबण किती घालावा याविषयी सर्वत्र गोंधळ आहे. बाटलीवरील सांगणे निराळे, गनवरील चकतीचे आकडे निराळे. आम्ही बाटलीत १ लिटर साधे पाणी घालून, चकती एका खुणेवर ठेवून, ती किती वेळात रिकामी होते ते पाहिले. तीन मिनिटे लागली. तेवढ्यात यंत्राने १५ लिटर पाणी दिले. म्हणजे एकूण १६ लिटरांत बाटलीचे १ लिटर. बाटलीत १०० मिलिलिटर साबण घालून वर पाणी भरले, तर गाडीवर पडणाऱ्या पाण्यात साबण शेकडा ०.६ च्या आसपास राहतो. पूर्वी मुले बाटलीत निम्मा साबण ओतीत. तोंड जुळल्यापासून महिन्याचा साबण निम्म्याहून कमी लागतो. पुतण्याच्या वहीत ही नोंद आहे.

गनच्या अंगावरील हवेचे बारीक भोक उघडे राहिले पाहिजे. आमच्याकडील एका मुलाने त्यातून थेंब गळतात म्हणून ते चिकटपट्टीने बंद केले होते, आणि दोन दिवस आम्ही पुन्हा धुवणावर आलो होतो. पांढरी टेप लावावयाची ती पितळी तुकड्याच्या आट्यांवर, तीही दोन फेरे, आणि तिचा धागा छिद्रावर लोंबू देऊ नये. छिद्र खिळ्याने अथवा सुईने कोरू नये. बुजले तर फुंकून किंवा मऊ ब्रिसलने साफ करावे.

फेस उन्हात मारू नये. ग्वाल्हेरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या पत्र्यावर फेस मिनिटभरात वाळून डाग पडतात. सावलीत, प्रथम साध्या पाण्याने धूळ उतरवून, खालून वर फेस मारावा, तीन-चार मिनिटे थांबावे व वरून खाली धुवावे. वीजजोडणीस गळती होताच प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण असल्याखेरीज हे यंत्र ओल्या जमिनीवर चालवू नये, आणि नेहमीच्या बारीक नोझलची धार माणसाच्या अंगावर थट्टेनेही धरू नये. ती कातडी फोडते. गोदामाच्या फरशीवर हे यंत्र चालविण्याची हौस काही सभासदांस झाल्याचे कानी आले आहे. माल असलेल्या गोदामात तर मुळीच नको. ओल भिंतीत शिरते आणि आठ दिवसांनी पोत्यांच्या तळाशी दिसते.

दुकानात आता तीन गन आहेत. दोन आमच्या, एक स्नेह्यांची दुरुस्तीस आलेली. प्रत्येकीच्या मानेवर छिद्राचा आकार रंगाने लिहून ठेवला आहे, कारण बाहेरून तिन्ही एकसारख्या दिसतात. संध्याकाळी दुकान बंद करताना बाटलीत साधे पाणी घालून मिनिटभर गन चालवितात, म्हणजे जाळीत साबण वाळत नाही. तरीही साताठ महिन्यांनी जाळी दबून जाते आणि फेस जरा ओला येऊ लागतो. तेव्हा ती बदलावी, छिद्रास हात लावू नये.